पाचवा हात

त्या चंपाषष्ठीला आमच्या तळीला पाचवा माणूस म्हणून कुरिअरवाल्याला बसवलं. हे मी आजवर पुष्कळ जणांना सांगितलं आणि जो तो हसला. हसण्यासारखंच आहे. मला मात्र अजून हसू येत नाही, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी माझं डोकं थंड झालं असं खुशाल समजावं.

आमचं कुलदैवत खंडोबा. ज्यांच्या घरी हा देव नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवायची. ताम्हणाभोवती गोल बसून सगळ्यांनी काठाला हात लावायचा आणि येळकोटाचा गजर करत ते तीनदा वर उचलायचं. ही तळी. ती उचलायला पाच जण लागतात. पाच जण म्हणजे पाच पुरुष, असं माझ्या सासरी धरून चालतात. बायकांनी पहाटेपासून चुलीपुढं बसून वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात असा नैवेद्य करायचा, ताम्हण घासून लख्ख करायचं, खोबरं फोडायचं, आणि मग भिंतीला टेकून उभं राहून पुरुषांनी ते ताम्हण उचललेलं बघायचं. नंतर ओवाळायचं.

लग्नानंतर बरीच वर्षं मीही भिंतीला टेकून उभी राहिले. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. माझ्या माहेरी देवी आहे, हा देव मला लग्नातून मिळाला, त्याच्या घरचे नियम त्याचे. वाटायला लागलं ते लेकीमुळं.

आम्ही राहतो मंचरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, मळ्यातल्या घरात. नवरा नारायणगावला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये, मी मंचरला कॉलेजात शिकवते. भोवती ऊस. दिवस मावळायच्या आत पोरांना घरात घ्यायचं आणि दार लावायचं हा आमच्याकडचा शिरस्ता, कारण उसात बिबट्या असतो. असतो म्हणजे असतोच, त्यात सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही. त्यामुळं संध्याकाळ आमच्याकडं फार लांबलचक असते. दार बंद, दोन पोरं आत, टीव्ही लावायचा नाही असं मीच ठरवलेलं आणि त्याचा पश्चात्तापही मीच करायचा.

अशाच एका रविवारी लेकीनं, तेव्हा ती चार वर्षांची असेल, तळी मांडायचा हट्ट धरला. सासरी बघितलेली होती तिनं. रविवार देवाचा वार, नवऱ्यालाही सुट्टी. तो आधी टाळाटाळ करत राहिला. पाच माणसं लागतात म्हणाला, आपण मोजून चार, त्यात एक पाळण्यात. लेक म्हणाली, इथं देव बसेल. आणि तिनं स्वतःच्या शेजारी एक जागा सोडली.

नवऱ्यानं समजावलं की अगं, ही तळी देवाचीच, तो स्वतःची तळी स्वतः कशी उचलेल?

"माझ्या वाढदिवसाला सुरी मीच धरते ना?" ती म्हणाली.

यावर वर्कशॉपवाला ताम्हण काढायला उठला आणि कॉलेजवाली सुपारी शोधायला. त्या दिवसापासून दर रविवारी आमच्या घरी तळी उचलली जाऊ लागली. नवरा, मी, लेक, माझ्या मांडीवर धाकटा, आणि लेकीच्या डाव्या हाताला देवाची जागा. त्या बाजूला कुणाचाच हात नसल्यामुळं ताम्हण नेमकं तिकडं कलायचं आणि सुपारी घरंगळत तिकडं जायची. लेक दरवेळी रागावून म्हणायची, देवा, नीट धर की. तिसऱ्यांदा उचलताना ती येळकोट असा काही ओरडायची की गोठ्यातली गाय दचकून उभी राहायची. धाकटा बसायला लागला तसा तोही काठाला हात लावू लागला, म्हणजे खरं तर खोबऱ्याला. मग सगळ्यांच्या कपाळी भंडारा. लेक मांजरालाही लावायची, आणि दाराच्या कडीला, आणि एकदा माझ्या लॅपटॉपला.

मी काही फार देव देव करणारी बाई नाही. पण आठवडाभराच्या धावपळीत ती दहा मिनिटं मला लागायची. नवऱ्याच्या नखातलं काळं ग्रीस, लेकीच्या हातावर शाळेत काढलेलं पेनाचं घड्याळ, धाकट्याची लाळ, सगळं त्या एका ताम्हणाच्या काठाला. एवढं एकत्र आम्ही आठवडाभरात जेवायलासुद्धा नसायचो. हल्ली मोबाइलवर रोज कुणी ना कुणी बालसंस्कारांचे संदेश धाडत असतं, मुलांना वेळ द्या, मुलांना देवाची गोडी लावा. धाडणाऱ्यात आमच्या सासरची माणसं पहिली. ते वाचताना माझं डोकं का तापतं, ते आता सांगते.

सासर आणे गावी, पठारावर. चंपाषष्ठीला सगळ्यांनी तिथं जमायचं. सासरे नाहीत, त्यामुळं घरात मोठे म्हणजे नवऱ्याचे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो. माणूस वाईट नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मी जे बोलणार त्याला वजन येईल. सणाच्या आठवडाभर आधी आबांचा फोन येतो आणि एकच प्रश्न असतो, तळीला किती जण? त्यांना पाचाची जुळणी करायची असते. घरात आबा आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझे दीर, असे दोनच पुरुष. नवरा दरवर्षी उत्तर द्यायचा, मी येतो आबा. धाकटा झाल्यापासून तो म्हणू लागला, दोघं. मी, पोरं, सगळे गाडीत भरून जायचो, आणि उत्तर दोघं. मलाही ते कधी खटकलं नव्हतं. हिशेब तळीचा होता, जेवणाचा नव्हता.

त्या वर्षी लेक सहा वर्षांची होती. मंचरहून निघाल्यापासून तिची तयारी सुरू. गाडीत माझ्या डब्याचं झाकण दोन्ही हातांत धरून ती तळी उचलत होती. नारायणगाव गेलं, आळेफाट्याला गाड्यांच्या गर्दीत अर्धा तास अडकलो, हिची तळी चालूच. फाट्यावर शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर काच खाली करून बघायला लागला तेव्हा तिनं त्यालाही येळकोट ऐकवला. बेल्हे ओलांडून पठाराचा चढ लागला तेव्हा तिनं बापाला विचारलं, आबांकडं देवाची जागा कुठल्या बाजूला असते. तो म्हणाला, तिथं माणसं पुष्कळ असतात, देवाला बसावं लागत नाही. मला तेव्हाच बोलायला हवं होतं की काय कोण जाणे. पण मला खरंच वाटलं होतं की लहान पोर आहे, बसली तर बसली, कोण कशाला काय म्हणेल.

घरी पोचलो तर वेगळीच अडचण. पाचवा म्हणून दरवर्षी शेजारचे एक गृहस्थ येतात. ते आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या कामाला गेलेले आणि आम्ही ज्या गर्दीत अडकलो त्याच गर्दीत तेही कुठंतरी मागं अडकलेले असणार. फोन लागेना. म्हणजे पुरुष किती? आबा, दीर, माझा नवरा. आणि माझा अडीच वर्षांचा मुलगा, जो गाडीतच झोपला होता आणि माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून घोरत होता. आबांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, हा चौथा.

झोपलेला. चड्डी ओली. हा चौथा.

घोंगडी अंथरली, ताम्हण मांडलं, दिवटी लावली. नैवेद्याची ताटं निवत चालली होती. लेक कुणी न सांगताच ताम्हणापाशी जाऊन मांडी घालून बसली आणि तिनं काठाला दोन्ही हात लावले. तिच्या डाव्या बाजूला तिनं थोडी जागाही सोडली होती. ते फक्त मला, तिला आणि तिच्या बापाला कळत होतं.

आबांच्या बायकोनं, आम्ही त्यांना नानी म्हणतो, तिचे हात काठावरून सोडवले. अगदी प्रेमानं, चहाच्या कपावरनं मांजराचा पाय बाजूला करावा तसे. म्हणाल्या, तू माझ्याजवळ ये गं बाय, आपण बायकांनी ओवाळायचं असतं. लेक उठली नाही. तिनं बापाकडं बघितलं. बाप दिवटीची वात सारखी करत होता, आणि ती वात मुळात सरळच होती.

मी म्हणाले, बसू दे की तिला, एवीतेवी एक कमीच आहे. नानी म्हणाल्या, "तुझं शिकवनं कालिजात. हितं नगं." चांगल्या भावनेनं म्हणाल्या असतील. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. दिरांनी ऑनलाइन काहीतरी मागवलेलं, ते घेऊन कुरिअरवाला आला होता. पन्नाशीचा माणूस, अंगात जाकीट, पाठीवर हे एवढं दप्तर, दिवसभर पठारावरची धूळ खाऊन पांढरा झालेला. दिरांनी पार्सल घेतलं, त्याच्याकडं बघितलं, मग आबांकडं बघितलं. आबांचा चेहरा उजळला.

"पावणं," आबा म्हणाले, "बूट काढा अन् जरा हात लावा."

तो बिचारा गांगरला. मला अजून पुढं पार्सलं द्यायचीत म्हणाला. दोन मिनिटांचं काम हाय, देवाचं हाय, म्हणत दिरांनी त्याच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलंसुद्धा. नळावर पाय धुवायला लावले. डोक्याला रुमाल बांधायला दिला. आणि आणून बसवला. कुठं? माझी लेक जिथं बसली होती तिथं. नानींनी तिला दंडाला धरून उठवलं आणि त्या जागेवर तो माणूस बसला. त्यानं आपल्या परीनं विचारलं, पोरगी बसली व्हती का हितं? कुणीतरी म्हणालं, न्हाई, न्हाई, तुमी बसा.

बसली नव्हती म्हणे.

धाकट्याला माझ्या खांद्यावरनं काढून नवऱ्याच्या मांडीवर दिलं. त्याचा झोपेतला हात धरून काठाला टेकवला. चौथा झाला, पाचवा झाला. तळी उचलली. कुरिअरवाल्याला शब्द येत नव्हते, तो दुसऱ्यांच्या ओठांकडं बघत मागनं मागनं म्हणत होता. धाकटा तिसऱ्या वेळी दचकून जागा झाला आणि भोकाड पसरलं. आणि माझी लेक, जिच्या आवाजानं आमची गाय उभी राहते, ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

कुरिअरवाल्याच्या कपाळी भंडारा लावला, हातावर खोबरं ठेवलं. तो देवाला आणि आबांना नमस्कार करून बूट घालून निघून गेला. त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. माझा राग घरातल्यांवर.

मी घरातल्या मोठ्यांपुढं बोलणारी सून नाही अशी माझी ख्याती होती. ती त्या दिवशी संपली. मी म्हणाले, "आबा, पाचवं माणूस घरातच होतं. पाय दुमडून बसलेलं होतं. तुम्ही त्याला उठवलंत आणि रस्त्यावरचं आणून बसवलंत."

आबा शांतपणे खोबरं चावत होते. "रीत हाय ती," ते म्हणाले. "आमी न्हाई केली."

मी म्हणाले, मग झोपलेलं पोर चालतं ही रीत कुणी केली? ज्याला शब्द येत नाहीत तो चालतो, आणि जिला सगळे येतात ती चालत नाही, ही कुणी केली? आणि रीतच जर एवढी कडक, तर ताम्हण माझ्या हातनं घासून कशाला घेता? यावर दीर हसले, वहिनी तापल्या म्हणाले. नानींनी ताटं वाढायला घेतली. आबांनी खोबऱ्याचा दुसरा तुकडा उचलला. माझ्यावर कुणी चिडलंसुद्धा नाही, आणि त्यानंच मी जास्त भडकले. भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं. ही सगळी माणसं भरीत वाढत होती.

भरीत छान झालं होतं. पहाटे घरी मीच वांगी भाजून डब्यातनं नेलं होतं. मला एक घास गेला नाही.

परतताना गाडीत लेक बराच वेळ बाहेर बघत होती. मला वाटलं रडेल, मग मी समजूत काढीन, मग होईल सगळं ठीक. ती रडली नाही. बेल्ह्याच्या जरा पुढं आल्यावर तिनं विचारलं, त्या काकांचं नाव काय होतं?

मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा रस्त्याकडं बघत होता. कुणीच विचारलं नव्हतं. नाव नाही, गाव नाही, जेवलास का नाही. हात पुरुषाचा होता, तेवढं बघितलं होतं. मी लेकीला खरं ते सांगितलं, माहीत नाही म्हणून. ती पुन्हा काचेतून बाहेर बघायला लागली.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणं ताम्हण मांडलं. नवरा बसला, मी बसले, धाकटा खोबऱ्याकडं डोळे लावून बसला. लेक आली, बसली नाही. हात पाठीमागं बांधून उभी राहिली. म्हणाली, मी ओवाळते.

मी म्हणाले, अगं, हे आपलं घर आहे, इथं तू धरतेस. ती म्हणाली, मी बाई आहे.

सहा वर्षांची. पुढचे दोन दात पडलेले. मी बाई आहे.

मुलांना पाढे यायला वर्ष जातं, बुटाची नाडी बांधायला दोन जातात. हे मात्र एका दिवसात पाठ होतं आणि पक्कं होतं. त्या रात्री नवऱ्याशी मी जे भांडले ते अजून ऊस ऐकत असेल. तो म्हणत राहिला, आबांचं वय झालं, वर्षातून एकदाचा प्रश्न, कशाला एवढं धरून बसतेस? मी म्हणाले, वर्षातून एकदाच काटा मोडला तरी पायातलं कुरूप वर्षभर दुखतं. तो म्हणाला, लहानसहान गोष्ट आहे. लहान मुलांच्या बाबतीत लहानसहान गोष्ट कुठली ते त्यानं मला दाखवून द्यावं, असं मी त्याला सांगितलं. आणि तू वात सारखी करत होतास, असंही सांगितलं. 

तळी आम्ही बंद केली नाही. दर रविवारी लेक छोटं निरांजन घेऊन बाजूला उभी राहायची, शहाण्यासारखी. शहाण्यासारखी हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. तिचा बाप आपला एक हात तिच्या बाजूला न्यायचा, ताम्हण सावरायचा, आणि आमची तळी कशीबशी पार पडायची. देवाची जागा रिकामी होती तशीच होती. ती आता त्याला नीट धर म्हणूनही रागवत नव्हती. येळकोट आम्ही तिघं म्हणायचो, त्यातला एक बोबडा. गाय रवंथ करत बसलेली असायची.

माघात एका रविवारी माझा संयम सुटला. ताम्हण मांडलं आणि मी नवऱ्याला म्हणाले, तिच्या बाजूला हात न्यायचा नाही. ती बाजू मोकळी ठेवायची. तो म्हणाला, कलंडेल. मी म्हणाले, कलंडू दे.

कलंडलंच. एक बाजू देवाची मोकळी, तिला लागून दुसरी लेकीची मोकळी. पहिल्याच उचलीला सुपारी घरंगळली, मागं खोबरं घरंगळलं, आणि ताम्हण खणखणत फरशीवर पालथं. भंडारा सगळीकडं. नवऱ्याची पँट पिवळी, माझी साडी पिवळी, आणि धाकटा तर आनंदानं त्यात लोळायलाच लागला. मांजर पळालं ते पिवळे पाय उमटवत पार स्वयंपाकघरापर्यंत.

लेक निरांजन धरून उभी होती. तिला हसू येत होतं आणि हसायचं नव्हतं. मग तिनं विचारलं, "देवानं का नाही धरलं?"

मी म्हणाले, "देव त्याच्या बाजूला होता. ही तुझी बाजू. ती देव नाही धरत."

"मग कोण धरतं?"

मला उत्तर द्यायचं होतं, पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती बापाकडं बघत होती, आण्याला बघितलं होतं अगदी तशी. या वेळी सारखी करायला त्याच्यापुढं वात नव्हती. तो पिवळ्या पँटीनं फरशीवर बसला होता.

"तूच धरतेस," तो म्हणाला. "तू नाही धरलंस की हे असं होतं."

तिनं निरांजन खाली ठेवलं. फरशीवरचा भंडारा दोन्ही तळव्यांनी गोळा करून ताम्हणात भरायला लागली. त्यात मांजराचे केस आले, धाकट्यानं चावलेलं खोबरं आलं. मी काही निवडलं नाही. ती जागेवर बसली, डावीकडं देवाला जागा सोडली, आणि काठाला हात लावला. पण येळकोट म्हणताना तिचा आवाज पुटपुटल्यासारखाच निघाला. मी कान देऊन होते. गाय काही उठली नाही.

त्यानंतर ती पहिल्यासारखी धरू लागली, पण आवाज गेला तो गेला. मोठ्यांना वाटतं, पोर बसलं ना, झालं. मला नाही वाटत झालं. ज्या घशातनं कुणी न शिकवता एवढा मोठा आवाज निघत होता, त्या घशाला आता म्हणायच्या आधी इकडंतिकडं बघावंसं वाटतं. धामणखेलच्या खंडोबाला गेलो तेव्हा देवळात पोरंटोरं गळा काढून येळकोट म्हणत होती, ही माझा पदर धरून ओठ हलवत होती. आणि फोनवर सासरहून संदेश येतच होते, मुलांना देवाची गोडी लावा. मी एकदा उत्तर टाइप केलं होतं. नवऱ्यानं हातातनं फोन घेतला म्हणून गेलं नाही. गेलं असतं तर बरं झालं असतं.

यंदा चंपाषष्ठीच्या आधी आबांचा फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. नवऱ्याचे हात खरकटे, म्हणून त्यानं स्पीकर लावून फोन ताटाशेजारी ठेवला. तब्येती झाल्या, कांद्याची लागण झाली, थंडी झाली. मग आबा म्हणाले, तळीला किती जण?

मी घास तसाच धरला. नवऱ्यानं आमटीत भाकरी कुस्करली. मग म्हणाला, "चौघं."

"चौघं कशी रं? तू अन् पोरगं."

"चौघं, आबा. आमच्यात चौघं उचलतात. दर आयतवारी."

पलीकडं नानी काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं. आबा म्हणाले, "अन् मी न्हाई म्हनलं तर?"

"तर आमी हितंच उचलू," नवरा म्हणाला. आबांशी बोलताना त्याची भाषा आपोआप पठारावर जाते. "तुमी या हिकडं."

माझ्या नवऱ्याला मी दहा वर्षं ओळखते. चुलत्यापुढं त्यानं कधी पाण्याचा पेलासुद्धा आवाज करून ठेवलेला नाही. मला टाळी द्यावीशी वाटली, पण हात भाताचे होते. फोनमधनं काहीच आवाज येईना. कट झाला की काय म्हणून नवरा वाकून बघायला लागला. तेवढ्यात लेकीनं तोंडातला घास गिळला आणि फोनवर ओणवी झाली.

"आबा," ती ओरडली, "मागच्या वेळच्या काकांना पण बोलवा. त्यांना येते आता तळी."

एवढा मोठा आवाज वर्षभरात मी ऐकला नव्हता. धाकट्याच्या हातनं वाटी सांडली.

मला जे वर्षभर भांडून जमलं नव्हतं ते तिनं न भांडता केलं, कारण तिच्या मनात कुरिअरवाल्याबद्दल काहीच किल्मिष नव्हतं. तिला खरोखरच तो यायला हवा होता. पलीकडं आबा खाकरले.

"नाव काय व्हतं गं त्याचं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," लेक म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाही."

 मी नवऱ्याकडं बघितलं नाही, लेकीकडंही नाही, फोनच्या उजेडाकडं बघत बसले.

"बरं," शेवटी आबा म्हणाले. "या चौघं. दिवस हाय तवर या, वाटंला बिबट्या फिरतोय."